‘शोगुन’मागचे खरे जहाज

जेम्स क्लॅव्हेल याची ‘शोगुन’ ही कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली. हजाराहून अधिक पानांच्या या कादंबरीची सुरुवात वादळात होते. ‘इरॅस्मस’ नावाचे डच जहाज, त्यावरचा इंग्रज पायलट जॉन ब्लॅकथॉर्न, भुकेने आणि स्कर्व्हीने खंगलेले मूठभर खलाशी आणि समोर नकाशात धड न सापडणारा किनारा. जहाज लागते ते जपानच्या इझू द्वीपकल्पावरच्या अंजिरो नावाच्या कोळ्यांच्या गावी. ब्लॅकथॉर्नला शुद्ध येते तेव्हा तो एका स्वच्छ, जवळजवळ रिकाम्या खोलीत असतो आणि आजूबाजूला कोणी बोललेला एक शब्दही त्याला कळत नाही.

जहाज फुटून परक्या किनाऱ्यावर अडकलेल्या माणसाची गोष्ट इंग्रजीत रुळवली ती डॅनियल डेफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ने. ते साल १७१९. क्रूसोचे बेट बहुतेक काळ निर्मनुष्य असते. तो कुंपण घालतो, धान्य पेरतो, शेळ्या पाळतो आणि अठ्ठावीस वर्षांत बेटाचा धनी होऊन बसतो. त्यानंतर आलेल्या अशा कितीतरी गोष्टींत हाच साचा आहे: किनारा ओसाड, आलेला माणूस शहाणा, आणि शहाणपणाच्या बळावर तो नवे राज्य उभे करतो.

‘शोगुन’ने हा साचा उलटा केला. इथला किनारा अनोळखी आहे तो फक्त आलेल्या खलाशांना. तिथे राहणाऱ्यांचे किल्ले आहेत, कायदे आहेत, शिष्टाचार आहेत, शंभर वर्षांची यादवी आहे आणि तिच्या शेवटच्या डावाची तयारी चालली आहे. या सगळ्यात रानटी ठरतो तो आलेला इंग्रज. त्याच्या अंगाला वास येतो, तो जोडे घालून घरात शिरतो, आणि अंघोळ केली तर जुलाब लागून माणूस मरतो अशी त्याची पक्की समजूत असते. त्याला धरून अंघोळ घालण्याचा प्रसंग हसू आणणारा आहे, पण पुढच्या हजार पानांचे सूत्र त्यातच आहे.

क्लॅव्हेलला हा विषय सापडला तो मुलीच्या शाळेच्या पुस्तकात, असे त्याने सांगितले आहे. एक इंग्रज जपानला गेला आणि सामुराई झाला, एवढीच माहिती त्यात होती. क्लॅव्हेल स्वतः दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी होता. सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या दिवसांवर त्याने ‘किंग रॅट’ (१९६२) ही पहिली कादंबरी लिहिली. ज्यांनी आपल्याला उपाशी ठेवले त्यांच्याच पूर्वजांवर तेरा वर्षांनी हा माणूस एवढ्या कौतुकाने लिहितो, ही गोष्ट कादंबरीइतकीच नवलाची म्हणावी लागेल.

शाळेच्या पुस्तकातला तो इंग्रज म्हणजे विल्यम अ‍ॅडम्स. जन्म १५६४, गाव इंग्लंडच्या केंट परगण्यातले गिलिंगहॅम. बाराव्या वर्षी तो लंडनजवळच्या लाइमहाउस इथे जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवारीला लागला आणि बारा वर्षे तिथेच होता. बांधणीपेक्षा जहाज हाकण्याची विद्या त्याला जास्त भावली. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून आले तेव्हा तो इंग्रजी ताफ्याला रसद पुरवणाऱ्या एका जहाजावर होता. पुढे दहा वर्षांनी, जून १५९८ मध्ये, रॉटरडॅमहून पाच डच जहाजे निघाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून आशियात पोचायचे आणि स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या व्यापारात हात घालायचा, असा बेत होता. अ‍ॅडम्स पायलट म्हणून त्यात सामील झाला. बायको मेरी आणि लहान मुलगी इंग्लंडमध्ये राहिली. धाकटा भाऊ टॉमस बरोबर होता. तो परत आला नाही.

प्रवासाचे हाल अ‍ॅडम्सच्या पत्रांतून कळतात. अटलांटिक ओलांडण्याआधीच ताफ्याचा प्रमुख दगावला. दोरखंड घासू नयेत म्हणून त्यांना वासराचे कातडे गुंडाळलेले असे. भुकेलेल्या खलाशांनी ते कातडेही खाल्ले. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत थंडीचे महिने अडकून पडल्यावर पेंग्विन मारून दिवस काढले. पॅसिफिकमध्ये जहाजांची ताटातूट झाली, चिलीच्या किनाऱ्यावर उतरलेले लोक स्थानिकांच्या हल्ल्यात मारले गेले. अखेर ‘लीफ्दे’ हे एकच जहाज जपानला पोचले. लीफ्दे म्हणजे प्रेम. एप्रिल १६०० मध्ये ते क्यूशू बेटावरच्या बुंगो प्रांतात किनाऱ्याला लागले तेव्हा शंभराच्या वर खलाशांपैकी दोन डझन जिवंत होते. पायांवर उभे राहता येईल असे पाच-सहाच.

जपानलाच का, यामागचे कारण अगदी बाजारी आहे. जहाजात लोकरी कापड भरलेले होते. मसाल्यांची बेटे उष्ण, तिथे लोकर कोण घेणार? जपानमध्ये लोकरीला भाव आहे, ही बातमी ताफ्यातल्या डिर्क गेरिट्स या डच खलाशाने दिली होती. तो पोर्तुगीजांच्या नोकरीत बरीच वर्षे गोव्यात राहिलेला आणि तिथूनच एकदा जपानला जाऊन आलेला होता. लोकरीखेरीज जहाजात १९ पितळी तोफा, ५०० बंदुका आणि ५,००० तोफगोळेही होते, आणि पुढे लोकरीपेक्षा त्यांनाच जास्त महत्त्व आले.

गोव्याचा धागा इथे संपत नाही. पूर्वेचे सागरी मार्ग पोर्तुगीज जिवापाड जपत. कोणत्या महिन्यात निघायचे, कुठे खडक आहेत, कोणत्या टेकडीची खूण धरायची, हे सारे पायलटांच्या हस्तलिखित मार्गपोथ्यांत असे. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून पाचेक वर्षे गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याने ही माहिती गुपचूप उतरवून घेतली आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापून टाकली. पोर्तुगीजांचे शतकभराचे गुपित पुस्तकाच्या दुकानात आले, आणि लवकरच डच जहाजे पूर्वेकडे सुटली. कादंबरीत ब्लॅकथॉर्नचा जीव जिच्यात अडकलेला असतो, ती पोर्तुगीज पायलटाची चोरीची पोथी याच इतिहासातून आली आहे. त्यातले ‘काळे जहाज’ही खरे: गोव्याहून निघून मलाक्का, मकावमार्गे नागासाकीला जाणारे प्रचंड पोर्तुगीज व्यापारी गलबत. चिनी रेशीम जपानला विकायचे आणि बदल्यात चांदी आणायची, या एका व्यवहारावर जपानमधल्या जेझुइट पाद्र्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात चाले.

म्हणूनच ‘लीफ्दे’ किनाऱ्याला लागताच पाद्री सावध झाले. हे चाचे आहेत, यांना मारून टाका, असा त्यांचा आग्रह होता. अ‍ॅडम्सला ओसाकाला तोकुगावा इएयासूपुढे उभे करण्यात आले. इएयासू तेव्हा अजून शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झालेला नव्हता. बालवारसाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या पाच सरदारांतला तो सर्वांत बलाढ्य. भाषांतर पोर्तुगीजमधून. रात्री उशिरापर्यंत प्रश्न चालले: देश कोणता, इतक्या दूर का आलात, तुमची लढाई कोणाशी, देव कोणता मानता. अ‍ॅडम्सने जगाचा नकाशा काढून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आल्याची वाट दाखवली, तेव्हा इएयासूला ती थापच वाटली. मग तुरुंग झाला, जवळपास सहा आठवड्यांचा. पण पाद्र्यांना मिळालेले उत्तर नकाराचे होते: या लोकांनी माझे किंवा माझ्या मुलखाचे काही वाकडे केलेले नाही, तेव्हा यांना मारणे न्यायाला धरून नाही. ख्रिस्ती देश आपसात लढतात, ही बातमी इएयासूच्या फारच उपयोगाची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेकिगाहाराच्या लढाईत तो जिंकला आणि १६०३ मध्ये शोगुन झाला.

क्लॅव्हेलने हा सांगाडा घेतला आणि नावे बदलली. इएयासूचा तोरानागा झाला, त्याचा प्रतिस्पर्धी इशिदा मित्सुनारीचा इशिदो. जहाज किनाऱ्याला लागण्याची जागा त्याने बुंगोहून उचलून इझूला नेली. खऱ्या इतिहासात अ‍ॅडम्सने इझूतल्या इतो इथे जहाज बांधले, ते काही वर्षांनंतर. ब्लॅकथॉर्न जिच्या प्रेमात पडतो त्या मारिकोचे पात्र होसोकावा ग्रासिया या ख्रिस्ती झालेल्या सरदारपत्नीवरून घेतले आहे. ओलीस म्हणून पकडायला आलेल्यांच्या हाती न लागता तिने १६०० च्या उन्हाळ्यात मरण पत्करले. तिची आणि अ‍ॅडम्सची भेट झाल्याची कुठेही नोंद नाही. दोघांचे प्रेम ही सर्वस्वी लेखकाची करणी. मोठा बदल काळाचा आहे. भाषा, रीतिरिवाज, सामुराईपद हे सारे ब्लॅकथॉर्न काही महिन्यांत मिळवतो. अ‍ॅडम्सला त्यासाठी वर्षे लागली. साहसकथेला एवढा धीर नसतो.

कादंबरीचे खरे बळ मात्र तलवारबाजीत नाही, भाषेत आहे. ब्लॅकथॉर्नला एक फेझंट पक्षी भेट मिळतो. इंग्रजी पद्धतीप्रमाणे मांस मुरावे म्हणून तो पक्षी घराबाहेर टांगून ठेवतो आणि मोडक्यातोडक्या जपानीत बजावतो की याला कोणीही हात लावायचा नाही. काही दिवसांत दुर्गंधी सुटते, माश्या घोंगावतात, शेजारीपाजारी हैराण होतात. पण हुकूम तो हुकूम. शेवटी म्हातारा माळी तो पक्षी उतरवून पुरतो आणि हुकूम मोडल्याबद्दल मृत्यूची शिक्षा घेतो. ब्लॅकथॉर्न हादरतो, त्याच्या लेखी ते घरातले साधे बोलणे होते. निर्जन बेटावर क्रूसोच्या बोलण्याने कोणाचा जीव जात नव्हता.

कादंबरीवर टीकाही झाली. जपानी माणसांचे मरणाबद्दलचे आणि शृंगाराबद्दलचे वागणे क्लॅव्हेलने भडक रंगवले, जपानी वाक्येही जागोजागी चुकली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. १९८० साली हेन्री स्मिथ यांच्या संपादनाखाली कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांनी ‘शोगुन’मधले खरे-खोटे तपासणारे एक अख्खे पुस्तकच काढले. त्याच वर्षी रिचर्ड चेंबरलेन आणि तोशिरो मिफुने यांची दूरचित्रवाणी मालिका आली. तिच्यात जपानी संवादांना उपशीर्षके नव्हती. प्रेक्षकाला ब्लॅकथॉर्नइतकेच कळावे, अशी योजना होती. २०२४ च्या नव्या मालिकेत उलटे आहे: बहुतेक संवाद जपानी, खाली उपशीर्षके. प्रेक्षकाला सगळ्यांचे कळते, फक्त त्या बिचाऱ्या पायलटाला कळत नाही. या मालिकेने एकाच वर्षी १८ एमी पारितोषिके मिळवली.

खऱ्या अ‍ॅडम्सचे पुढचे आयुष्य कोणत्याही मालिकेत बसणार नाही इतके संथ आहे. आपण सुतार नाही असे सांगूनही त्याला जहाज बांधायला लावले; त्याने ऐंशी टनांचे एक आणि नंतर त्याहून मोठे दुसरे बांधले. दुसऱ्याच्या नशिबी वेगळाच योग होता. १६०९ मध्ये फिलिपिन्सचा माजी हंगामी गव्हर्नर रोद्रिगो दे विवेरो याचे जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, आणि त्याच्या लोकांना मेक्सिकोला पोचवायला अ‍ॅडम्सचेच जहाज देण्यात आले. इएयासूला तो गणित आणि भूमिती शिकवी. त्याला हेमी इथे जहागीर मिळाली, दोन तलवारी मिळाल्या आणि ‘मिउरा अंजिन’ हे नाव मिळाले. अंजिन म्हणजे होकायंत्राची सुई पाहणारा, पायलट. इएयासूने इतर सोबत्यांना जाऊ दिले, त्याला मात्र सोडले नाही. १६११ मध्ये त्याने जावातल्या इंग्रज व्यापाऱ्यांना पत्र धाडले. त्यातला एकही जण ओळखीचा नसल्यामुळे मायना होता अनोळखी मित्रांना उद्देशून. १६१३ मध्ये पहिले इंग्रज जहाज जपानच्या हिरादो बंदरात आले आणि परत जाण्याची परवानगीही मिळाली. तोवर जपानी बायको, जोसेफ आणि सुझाना ही मुले, असा संसार थाटला होता. तो गेला नाही. मे १६२० मध्ये हिरादो इथे तो वारला. मालमत्ता मृत्युपत्राने दोन वाटे करून एक इंग्लंडच्या कुटुंबाला, दुसरा जपानच्या मुलांना.

‘लीफ्दे’ जहाज इदोकडे (आजच्या तोक्योकडे) आणले गेले ते पुन्हा समुद्रात दूर गेलेच नाही; तिथेच मोडले. त्याचा एक तुकडा मात्र उरला. नाव बदलण्यापूर्वी हे जहाज खरोखरच ‘इरॅस्मस’ होते, आणि त्याच्या पिछाडीवर रॉटरडॅमचा विद्वान इरॅस्मस याची चार फुटी लाकडी मूर्ती होती. ती तोचिगी प्रांतातल्या सानो इथल्या र्‍यूको-इन या बौद्ध मंदिरात पोचली. तिथे तिला पुराणकथेतला चिनी जहाज-कारागीर ‘कातेकी’ समजून लोक शतकानुशतके नमस्कार करत आले. विसाव्या शतकात तिची ओळख पटली. आज ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. मूर्तीच्या हातात एक गुंडाळी आहे. तिच्यावरची अक्षरे झिजली आहेत, तरी रॉटरडॅम हे नाव आणि १५९८ हे साल लागते.