एकरी सरासरी अठ्ठेचाळीस!

बारामती-इंदापूरकडे उसाच्या हंगामात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘एकरी किती पडला?’ उत्तर टनांत येतं. अशी अकरा उत्तरं मी कल्पनेनं मांडतो: २८, ३१, ३३, ३४, ३६, ३८, ४१, ४४, ६२, ६६ आणि ११५. बेरीज ५२८, सरासरी ४८. आता या अकरांत अठ्ठेचाळीसचा माणूस शोधा. आठ जण त्याच्या खाली आहेत, तिघं वर, आणि ४८च्या आसपास तर कुणीच नाही.

म्हणून हिशेब करण्याआधी आकडे मांडून बघावेत. सगळ्यात साधी मांडणी देठ-पानांची: दशक देठावर, एकक पानावर.

२ | ८
३ | १ ३ ४ ६ ८
४ | १ ४
५ |
६ | २ ६
७ |
८ |
९ |
१० |
११ | ५

रिकाम्या ओळी गाळायच्या नाहीत. खरी गोष्ट त्यांच्यातच असते. तिशीत दाटी आहे, पन्नाशी रिकामी आहे, साठीत दोघं आहेत आणि पार टोकाला एकटा ११५. हाच कागद आडवा धरला की आयतालेख होतो. त्याचे आयत एकमेकांना चिकटून असतात, कारण टनांची पट्टी सलग आहे. पिकांच्या नावांचा स्तंभालेख असता तर मध्ये फटी ठेवल्या असत्या. खाना, म्हणजे एका आयताची रुंदी, मात्र जपून निवडावा. साठ-साठ टनांचा खाना घेतला तर पन्नाशीची ही पोकळी दिसेनाशी होते.

आलेखाची शेपटी उजवीकडे लांबते, आणि सरासरी त्या शेपटीमागे ओढली जाते. मध्यक, म्हणजे रांगेतला सहावा माणूस, ३८ वर ठाम उभा आहे. ११५च्या जागी ७० लिहा. सरासरी ४४च्या खाली येईल, मध्यक जागचा हलणार नाही.

तिशी-चाळिशीचा आणि साठीचा असे दोन गट का पडावेत? एकाच यादीत आडसाली लागण, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला, मिसळला असेल. किंवा काही रानं नीरा डाव्या कालव्याखालची असतील आणि काही विहिरीच्या भरवशावरची. हा कालवा १८८५च्या सुमाराचा. तेव्हापासून या भागात बागायत आणि जिरायत शेजारी शेजारी नांदतात. पावसाचंही तसंच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, इथे पाचशेच्या आसपास. या दोहोंवरून काढलेली सरासरी ना घाटावर पडते, ना इंदापुरात.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीचे प्रयोग शास्त्रशुद्ध पायावर आणले: यदृच्छेनं निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापायचं आणि तोलायचं. आज बाजरीच्या विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या अशाच प्रयोगांच्या सरासरीवर ठरते. मंडळाचा आकडा बरा आला की ज्याचं रान करपलं त्याच्या हाती काही लागत नाही. पद्धत चुकीची नाही. पण तो आकडा मंडळाचा आहे, त्या माणसाचा नव्हे.

राहिला ११५. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा नियम सोपा आहे: पहिलं चतुर्थक, म्हणजे रांगेतला तिसरा, ३३; तिसरं, म्हणजे नववा, ६२; अंतर २९. त्याची दीडपट ६२ मध्ये मिळवली की कुंपण १०५.५ वर येतं. ११५ कुंपणाबाहेर आहे, पण तेवढ्यावरून कुणी त्याला खोडू नये. काट्याची पावती मागावी, आणि ते वजन एका एकराचं आहे की दीड एकराचं, हे विचारावं.