भांडवल आहे, गिऱ्हाईक कुठे आहे?

छोट्या धंद्याची अडचण काय, असं विचारलं की टपरीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: भांडवल. या उत्तराला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती बांगलादेशामुळे. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी गरिबांना तारणाशिवाय छोटी कर्जं देऊन पाहिली. त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. त्याआधीच आशिया-आफ्रिकेत सूक्ष्मकर्जाची लाट आली होती.

या लाटेचा हिशेब नंतर मांडला गेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्या निवडल्या. निम्म्या वस्त्यांत कर्जसंस्थेची शाखा आधी उघडली, आणि उरलेल्या वस्त्यांशी त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष संयत होते. ज्यांचा धंदा आधीच बरा चालत होता, त्यांना कर्जाचा उपयोग झाला. बाकीच्यांच्या घरात टिकाऊ वस्तू आल्या. पण घरखर्चाची सरासरी पातळी उंचावली नाही. कर्जानं चालत्या गाडीला वेग येतो, थांबलेली गाडी सुरू होत नाही.

मग प्रशिक्षण? टोगोची राजधानी लोमे इथं दीड हजार लघुउद्योजकांवर प्रयोग झाला. काहींना हिशेब-विक्रीचे नेहमीचे धडे दिले; काहींना स्वतःहून पुढाकार घेणं, संधी हेरणं, अडथळ्यांची आधीच तयारी करणं शिकवलं. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या धड्यांचा ठोस परिणाम दिसला नाही. शिस्तीचं महत्त्व मात्र आपल्या शेजारी सिद्ध झालं. तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत सल्लागारांनी यंत्रांची देखभाल, सुताच्या साठ्याची आणि दोषांची नोंद अशा साध्या सवयी लावल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे कारखाने टपरीएवढे छोटे नव्हते, पण मुद्दा तोच.

सर्वांत बोलका प्रयोग इजिप्तमधल्या फुवा गावचा. तिथल्या गालिचे विणणाऱ्या छोट्या कारागिरांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निवडून परदेशी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मिळवून दिल्या. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विणकाम सुधारलं. चोखंदळ गिऱ्हाईक सतत मिळालं, की कारागीर काम करता करताच शिकतो.

'लिज्जत'ची सुरुवात याच अंगानं वाचायला हवी. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले, हे आपण कौतुकानं सांगतो. पण पहिले पापड घेणारा भुलेश्वरचा ओळखीचा व्यापारी विसरतो. दर्जाशी तडजोड नको आणि हिशेब चोख ठेवा, हा या बायकांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांचा आग्रहही विसरतो. पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी खाट आणि स्टोव्ह आणला, पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाली. लोमेत शिकवलेला पुढाकार तो हाच.

गिऱ्हाईक मिळालं तरी एक गोष्ट उरते: बिल. माल जातो, पैसे अडकतात आणि नफ्यात असलेला धंदाही बसतो. २००६ च्या कायद्यानं आपल्याकडे सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठेवलं. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती कायद्याला पुरून उरते.

म्हणून सरकारांनी कर्जवाटपाच्या आकड्यांवर खूश होऊ नये. सरकारी खरेदीत छोट्यांना जागा द्यावी आणि त्यांची बिलं मुदतीत चुकवावीत. आणि वाचकहो, या दिवाळीला बचत गटाकडून फराळ मागवलात, तर भाव पाडू नका, खमंगपणात कसर असेल तर स्पष्ट सांगा, आणि पैसे मात्र डबा हातात पडताच द्या.