सत्तावीस मिनिटांची तीन अक्षरं

दिवाळी सरून थंडी पडू लागली की युरोपातल्या काही घरांच्या परसात हालचाल सुरू होते. कुणी झाडाला तार बांधतो, कुणी प्लॅस्टिकच्या पिंपावर गुंडाळलेली भलीमोठी कॉइल अडगळीतून बाहेर काढतो. उन्हाळाभर दूरदूरच्या विजांची खरखर दीर्घलहरींवर दाटलेली असते. हिवाळ्यातल्या लांब रात्रींत ती ओसरते आणि 136 किलोहर्ट्झवरच्या हौशी रेडिओवाल्यांचा हंगाम लागतो.

'हॅम' म्हटलं की आपल्याला पुरात, भूकंपात निरोप पोचवणारा माणूस आठवतो. ही मंडळी त्याच जमातीची, पण यांच्याकडे पोचवायला निरोपच नसतो. माझं नाव, तुझं नाव, 'ऐकू आलं', झालं. एवढ्यासाठी अख्खी रात्र जाते.

खरं तर हौशींना या लहरींवरून केव्हाच हाकललं होतं. 1912 च्या अमेरिकन कायद्याने त्यांना 200 मीटरच्या खाली ढकललं. त्या आखूड लहरी तेव्हा जाणकारांच्या लेखी निरुपयोगी होत्या. दीर्घलहरी सरकारांच्या आणि कंपन्यांच्या. पण नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथला हौशी अमेरिकेतल्या हौशीशी सुमारे 100 मीटरवर दुतर्फा बोलला आणि पारडं फिरलं. मार्कोनीच्या कंपनीनेही आखूड लहरींचा झोत धरला. आपल्या खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी विलायतेशी बिनतारी तारसेवा 1927 मध्ये सुरू झाली, ती याच तंत्रावर. दीर्घलहरींची अवाढव्य केंद्रं हळूहळू मोडीत निघाली. स्वीडनमधलं ग्रिमेटन तेवढं टिकलं.

बहुतेक निघून गेल्यावर हाकललेले परतले. ब्रिटनने 1996 मध्ये 73 किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा प्रयोगापुरता दिला. पुढे युरोपात 136 खुला झाला आणि 2007 च्या जिनिव्हा परिषदेत 135.7 ते 137.8 किलोहर्ट्झ हा पट्टा हौशींसाठी जगभर मान्य झाला. अट एवढीच, की प्रत्यक्षात बाहेर पडणारी शक्ती एका वॅटपेक्षा जास्त नको.

आता एक वॅट ऐकून हसू येईल, पण तोही सहज निघत नाही. या लहरीची लांबी 2200 मीटर. तिच्या पाव भागाएवढा उभा अँटेना करायचा तर तो आयफेल टॉवरपेक्षा उंच होईल. परसात उभा राहतो दहा-बारा मीटरचा खांब. अशा खुज्या अँटेनाचा प्रारणरोध, म्हणजे लहर बाहेर फेकण्यात कामी येणारा रोध, ओहमच्या काही शतांश भरतो, आणि जमिनीतला व कॉइलमधला तोटा काही दशक ओहम. म्हणजे हजार वॅट ओतले तर वॅटभर आकाशात जाणार, बाकी माती आणि कॉइल तापवण्यात खर्च. तारेच्या टोकाशी हजारो व्होल्ट चढतात, अंधारात निळसर ठिणग्या दिसतात. पाऊस आला, झाड ओलं झालं, की जुळवलेला मेळ बिघडतो. तरीही मला या खटाटोपात पतंगाच्या मांज्याची मजा दिसते. जर्मनीत एकाने 2010 मध्ये खरोखरच पतंगाला तार बांधून 9 किलोहर्ट्झच्याही खाली प्रयोग केले.

शक्ती नाही, मग उरला वेळ. इथेच या छंदाची खरी करामत आहे. गोंगाटाची ताकद पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. खिडकी जितकी अरुंद, तितका कमी गोंगाट आत येतो. पण अरुंद खिडकीतून सिग्नल सावकाशच जाऊ शकतो. म्हणून मोर्सचं एक टिंब ही मंडळी तीन सेकंदांचं करतात, दहाचं करतात, अटलांटिकपार जायचं तर मिनिटाचंही. 250 हर्ट्झच्या नेहमीच्या फिल्टरपुढे मिनिटाच्या टिंबाला लागणारी खिडकी पंधरा हजार पटीने अरुंद. त्या वेगाने 'एसओएस' ही तीन अक्षरं पाठवायला सत्तावीस मिनिटं लागतात. बुडणाऱ्याने तोवर काय करायचं, हा प्रश्न इथे गैरलागू.

हे कानांनी ऐकता येतच नाही. संगणकाच्या पडद्यावर राखाडी खरखरीतून एक फिकट रेघ उमटत जाते. डोळे ताणून ती वाचायची. यंत्राची वारंवारिता रात्रभरात ऐंशी लाखांत एका भागाहून जास्त सरकली की रेघ विस्कटली. पोच द्यायलाही एकेक अक्षर पुरतं, चंद्रावरून सिग्नल परतवणाऱ्यांकडून उचललेलं: 'टी' म्हणजे काहीतरी दिसतंय, 'एम' म्हणजे नाव अर्धवट लागलं, 'ओ' म्हणजे पुरतं कळलं. अशाच रेघा जुळवत 2001 मध्ये इंग्लंड आणि कॅनडा यांच्यात या पट्ट्यावर दुतर्फा संपर्क झाला.

2008 मध्ये जो टेलर यांनी 'विस्पर' नावाची पद्धत आणली. जुळ्या ताऱ्यांतल्या पल्सारच्या शोधासाठी 1993 चं नोबेल विभागून मिळालेले हे भौतिकशास्त्रज्ञ स्वतः हौशी. त्यांच्या पद्धतीत नाव, ठिकाण आणि शक्ती एवढंच 50 बिटांत कोंबून जवळजवळ दोन मिनिटांत सोडतात, आणि कानाला न लागणारा सिग्नल संगणक आपणच उलगडतो. खास दीर्घलहरींसाठी नंतर आलेल्या प्रकारात एक प्रक्षेपण अर्धा तासही चालतं. काम चोख होतं, आकडे साठतात, माणूस खुशाल झोपतो. मला मात्र रेघेकडे डोळे लावून जागणाराच जवळचा वाटतो. यंत्रांनी आपसांत बोलायचं तर कॉइल गुंडाळायची कशाला?

स्वीडनमध्ये टिकून राहिलेल्या त्या ग्रिमेटनच्या 127 मीटर उंच सहा मनोऱ्यांखाली 1920 च्या दशकातला फिरता अल्टरनेटर अजून जागेवर आहे. व्हॅक्यूम ट्यूब नाही, ट्रान्झिस्टर नाही; गरगरणारं चाकच 17.2 किलोहर्ट्झची लहर निर्माण करतं. 2004 पासून ही जागा जागतिक वारसा आहे. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ते चाक फिरवून मोर्समध्ये शुभेच्छा पाठवायची प्रथा आहे, आणि कुठे कुठे लागलं याच्या पोचा हौशी कळवतात. इतकी खालची लहर पकडायला महागडा रिसीव्हर नको. लॅपटॉपचं साउंड कार्ड आणि लांब तार पुरते. मात्र भारतात तार लावली तर पडद्यावर बहुधा आधी दुसरीच रेघ येईल, जाडजूड: तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या नौदल केंद्राची, 18.2 किलोहर्ट्झवर पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलणारी. तिच्या शेजारी 17.2 ची जागा रिकामी दिसते. स्वीडनमध्ये चाक फिरतं तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो.