सहा जणांनी उचलायचा पूल

श्रीलंकेतल्या पुलावर लिहायचं तर नगरच्या केडगावात काय शोधायचं, असं कुणी विचारेल. पण २०२४च्या ऑगस्टपासून सुटे भाग जोडून उभारायचा बेली पूल हा नगर जिल्ह्याला परका विषय राहिलेला नाही. ३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, चूरलमलाचा पूल वाहून गेला आणि पलीकडची वस्ती तुटली. तिथं १९० फुटी बेली पूल उभारणाऱ्या लष्कराच्या मद्रास सॅपर्स या अभियंता दलाच्या तुकडीत मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या, लोणीच्या प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या. ३१ जुलैच्या रात्री काम सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २४ टन वजन पेलणाऱ्या पुलावरून गाड्या जाऊ लागल्या. त्या पुलावर उभ्या असलेल्या मेजर शेळक्यांचा फोटो आपल्याकडे घराघरांत पाहिला गेला.

त्यामुळे नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंका झोडपली, रस्ते आणि पूल वाहून गेले आणि भारताने ‘ऑपरेशन सागर बंधू’ अंतर्गत सी-१७ विमानांतून बेली पूल पाठवले, तेव्हा ही बातमी इथं जरा जास्त बारकाईने वाचली गेली. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी उत्तरेकडच्या किलिनोच्ची जिल्ह्यात १२० फुटी पूल जोडला. २३ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी श्रीलंकेच्या परराष्ट्रमंत्र्यांसह त्याचं उद्घाटन केलं. याच उत्तर श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना होती आणि त्या काळाच्या आठवणी दोन्ही बाजूंना कडवट आहेत. तिथं भारतीय जवान पुन्हा उतरतो आणि त्याच्या हातात या वेळी पाना आणि हातोडा असतो, ही गोष्ट मला उद्घाटनाच्या भाषणांपेक्षा मोठी वाटते.

पुलाचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. डोनाल्ड बेली हे ब्रिटिश युद्धखात्यातले नागरी अभियंते. रणगाडे जड होत चालले होते आणि जुने लष्करी पूल त्यांना पुरे पडत नव्हते. १९४०च्या अखेरीस बेलींनी नवा आराखडा मांडला. तो पहिल्यांदा एका पाकिटाच्या पाठीवर काढला होता, असं सांगतात. मे १९४१मध्ये चाचणी झाली आणि वर्षअखेरीस पूल सैन्यात दाखल झाला. उत्तर आफ्रिका, इटली, पुढे सारा युरोप या पुलांवरून पार झाला. पूल नसताना नदी ओलांडणं म्हणजे काय, हे नगर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव एप्रिल १९४५मध्ये इटलीत सेनियो नदीच्या खोल पाण्यातून, गोळीबारात, जखमी साथीदारांना एकेक करून बाहेर घेऊन आले होते. त्या लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण मला हवं होतं ते यंत्र. ते समजावलं केडगावात स्थायिक झालेल्या, बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. खडकीच्या सेंटरमध्ये ते पूल जोडायला शिकले आणि पुढे शिकवूही लागले. आपलं नाव छापू नये, एवढीच त्यांची अट.

“ताई, पूल विसरा. आधी पॅनेल बघा,” म्हणत त्यांनी कागदावर एक चौकट काढली. लोखंडी पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. सहा जवान बाजूने आडव्या दांड्या घालून ते उचलतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४३ किलो. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. सहा माणसांना उचलता येईल आणि साध्या लष्करी ट्रकमध्ये मावेल, याच हिशेबाने बेलींनी पॅनेल बेतलं. क्रेन नको, वेल्डिंग नको. दहा फुटांचा एक ‘बे’. १२० फुटांचा पूल म्हणजे बारा बे, चूरलमलाचा एकोणीस. वजन जास्त जाणार असेल तर बाजूची भिंत दुहेरी करायची, तिहेरी करायची, नाहीतर दुमजली. भाग तेच, फक्त संख्या वाढते.

दोन पॅनेल एकमेकांना धरतात ती पिनेने. पिनेची गोष्ट सांगताना सुभेदारसाहेब खुर्चीत पुढे सरकले. लांबी साधारण २१ सेंटिमीटर, जाडी पाच सेंटिमीटरला थोडी कमी, वजन पावणेतीन किलो, एक टोक निमुळतं. एका पॅनेलचा कान दुसऱ्याच्या दोन कानांमध्ये बसतो, भोकं जुळली की पिन आत ठोकायची. मग तिच्या टोकाजवळच्या छोट्या भोकात क्लिप अडकवायची, म्हणजे पिन हादऱ्याने बाहेर येत नाही. अडचण अशी की पिन आत गेली की ते भोक दिसत नाही, आणि ते वाकड्या दिशेला असेल तर पॅनेलच्या लोखंडी कडा आड येतात, क्लिप जात नाही. म्हणून पिनेच्या डोक्यावर भोकाच्याच दिशेने एक खाच कोरलेली असते. खाच आडवी ठेवून ठोका, क्लिप बसणारच. “अंधारात बोटाने चाचपायची खाच. बॅटरी लावायची नाही, शत्रू समोर आहे. असंच शिकवायचो पोरांना.” ज्याने ही खाच कोरायचं ठरवलं, त्याने रात्रीच्या चिखलात थंडीने बधिर झालेल्या हातांचा विचार केला होता. मला या साऱ्या पुलात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

दुसरी नवलाई पूल पलीकडे नेण्याची. समोरच्या काठावर कुणी नसताना पूल जोडायचा तो पूर्णपणे अलीकडे, रोलरवर. पुढच्या टोकाला लाँचिंग नोज, म्हणजे फळ्या न टाकलेला हलका सांगाडा. मागची बाजू कायम जड ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून ढकलायचं. नोज जसजशी हवेत पुढे जाते तशी वजनाने खाली झुकते आणि पलीकडच्या रोलरखाली जाऊन धडकण्याची भीती असते. म्हणून ती किती झुकेल याचं गणित आधीच करून, खालच्या जोडांत ‘लाँचिंग लिंक’ घालून तिचं तोंड वर उचलून ठेवतात. पलीकडे टेकली की नोज सुटी करायची, पूल जॅकवर घेऊन खाली उतरवायचा आणि फळ्या टाकायच्या. “ढकलताना एकच माणूस बोलणार,” सुभेदारसाहेब म्हणाले. “बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. दोघांनी हुकूम दिला की पूल पाण्यात.”

आता काळजीचं. हा पूल सुटा करून परत नेण्यासाठी बनलेला आहे. आपल्याकडे मात्र तात्पुरता पूल एकदा लागला की पक्क्या पुलाची फाइल थंड पडते. हिमालयात कित्येक बेली पूल वर्षानुवर्षं रोजची वाहतूक वाहतात. जून २०२०मध्ये उत्तराखंडात मुनस्यारीजवळ, चीन सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पोकलेन लादलेला ट्रक सेनार नाल्यावरच्या बेली पुलावर चढला आणि पुलासकट खाली गेला. वजन पुलाच्या क्षमतेबाहेर होतं. सीमा रस्ते संघटनेने आठवड्याच्या आत नवा पूल उभा केला, हे कौतुकाचंच. पण ट्रक पुलावर चढण्याआधी अडवला गेला नाही.

सुभेदारसाहेबांना विचारलं, किलिनोच्चीच्या पुलाचं पुढे काय? त्यांनी लगेच यादीच सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत पिना आणि बोल्ट वरचेवर तपासायचे, कारण वाहतुकीने जोड बसत जातात आणि बोल्ट सैलावतात. क्लिपा मोजायच्या. पावसाळ्यानंतर टेकूखालची माती खचली का ते बघायचं. कुजलेली फळी बदलायची. गंज खरवडून रंग द्यायचा. यातलं कुठलंच काम अवघड नाही, पण ते रोजचं आहे आणि त्याचा फोटो निघत नाही. पूल बांधणारी तुकडी परतली की हे सगळं तिथल्या रस्ते खात्याच्या अंगावर पडतं.

शेजाऱ्याशी पूल बांधून पुढे काय होतं, याचं दुसरं उदाहरण त्रिपुरात आहे. फेनी नदीवर साब्रूम आणि बांगलादेशातलं रामगड जोडणारा १.९ किलोमीटरचा मैत्री सेतू ९ मार्च २०२१ला खुला झाला. भक्कम, काँक्रीटचा. पण उद्घाटनानंतर वर्षं उलटली तरी त्यावरून नेहमीची मालवाहतूक सुरू झाली नव्हती, आणि ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात सत्ता पालटल्यावर तर दोन्ही देशांमधलं वारंच फिरलं. केडगावकरांना हे राजकारण दूरचं वाटत नाही. जवळच नेप्तीच्या उपबाजारात कांदा घेऊन येणारा शेतकरी बांगलादेशाची आयात चालू की बंद हे आधी विचारतो. डिसेंबर २०२३मध्ये आपल्याच सरकारने निर्यात बंद केली, तेव्हा भाव कसे कोसळले हे त्याने वजनकाट्यापाशी उभं राहून पाहिलं आहे. पूल शाबूत असून माल अडतो, तो असा.

श्रीलंकेच्या उभारणीसाठी भारताने ४५ कोटी डॉलरचं साहाय्य जाहीर केलं. त्यातले ३५ कोटी सवलतीच्या कर्जाचे आणि १० कोटी अनुदानाचे. कोलकात्याची गार्डन रीच शिपबिल्डर्स ही सरकारी कंपनी असे पूल बनवते आणि नेपाळ, भूतान, बांगलादेशालाही पुरवते. म्हणजे सुटे भाग आपल्या हाताशी आहेत. मग या साहाय्यात पॅनेलांच्या जोडीने पिना, क्लिपा आणि फळ्यांचा साठा जावा, आणि तिथल्या रस्ते खात्याच्या कामगारांना खडकीला किंवा मद्रास सॅपर्सच्या बंगळूरच्या सेंटरला बोलावून तपासणी शिकवावी. सुभेदारसाहेबांच्या मते ते पंधरा दिवसांत शिकून होईल. शिकवायला पुन्हा जायची त्यांची तयारी आहे.