बोअर मेली की पंप थकला?

उन्हाळा आला की गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "आपली बोअर मेली, आता नवी मारू." नव्या बोअरला गटाची कितीतरी महिन्यांची बचत जाते. म्हणून आज बोअर किती टिकते ते पाहू.

बोअर म्हणजे तीन वस्तू. कातळातलं भोक, वरच्या मातीत बसवलेला केसिंग पाइप आणि पंप. तिघांचं आयुष्य वेगवेगळं. आपल्याकडे माती-मुरुमाखाली काळा कातळ आहे, त्यातलं भोक सहसा ढासळत नाही. ते आपल्यापेक्षा जास्त जगेल. थंडीच्या देशांत घर गरम ठेवायला जमिनीत अशीच भोकं पाडून नळ्या सोडतात. त्या नळ्या ५० वर्षं आणि वर टिकतात असं धरतात, पण वरचं यंत्र २०-२५ वर्षांत बदलावं लागतं. आपलंही गणित तेच.

आपला नेहमीचा हातपंप म्हणजे इंडिया मार्क टू. त्याचं मूळ आपल्याच राज्यातल्या जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे. आधीचे बिडाचे पंप एका घरापुरते होते, अख्ख्या गावाची ओढ त्यांना सोसेना. म्हणून १९७०च्या दशकात हा आला. पण यातलाही वॉशर झिजतोच, आणि तो बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात. त्या कंटाळ्यापायी पंप वर्षभर पडून राहतो आणि बदनाम होते बोअर!

दांडा बराच वेळ मारल्यावर पाणी येतं? मग खालचा व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाइपला भोक आहे. सकाळचं पहिलं पाणी तांबूस, नंतर स्वच्छ? बहुतेक पाइप गंजलेत. ही दोन्ही दुखणी पंपाची, तेवढ्यासाठी नवी बोअर नको. पहिल्या पावसात पाणी गढूळ झालं तर मात्र केसिंग फुटलंय किंवा ओटा तडकलाय. तिथे वरची घाण आत जाते. दुरुस्ती होईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

आता जोहे गावाची गोष्ट. आपण खारेपाटाच्या कडेला राहतो. खाऱ्या मातीत लोखंडी केसिंग लवकर गंजतं, पीव्हीसीचं गंजत नाही. इथे "आणखी खोल जा, गोडं पाणी लागेल" असं सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नये. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. खोल गेलो किंवा मोटर लावून फार उपसलं तर खालचं खारं वर चढतं. मग भोक शाबूत, पंप नवा, आणि हंड्यातलं पाणी खारट. गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायच्या आधी हंडे भरणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

गाडी बोलावण्याआधी ग्रामपंचायतीत जुन्या बोअरची नोंद मागा: किती फूट खोल, केसिंग किती, पाणी किती लागलं होतं. मेकॅनिक पाइप काढेल तेव्हा दोरीला वजन बांधून खोली मोजून घ्या. नोंदीत २०० फूट आणि दोरी १५० वरच टेकली, तर तळात गाळ बसलाय. तो कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून काढता येतो, आणि ते काम नव्या बोअरपेक्षा स्वस्त पडतं. पाणी किती फुटांवर लागलं तेही गटाच्या वहीत लिहा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला.