अडकलेल्या माणसाची सुटका

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या बोरघाटात, डिझेल वाचविण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यामुळे ज्याचे ब्रेक तापून निकामी झाले आहेत असा एखादा मालट्रक पुढच्या कंटेनरवर जाऊन आदळतो, तेव्हा सर्वांत आधी चेपते ती केबिन. कारण आपल्याकडील बहुतेक ट्रकांना पुढे बॉनेट नसल्यामुळे धडकेचा पहिला आघात चालकाच्या गुडघ्यांवरच येतो, आणि स्टिअरिंग, पेडले व चेपलेला पत्रा यांच्या मध्ये त्याचे पाय गुंतून बसतात. थोड्याच वेळात माणसे धावून येतात. कोणी त्याच्या काखांत हात घालून ओढू लागतो, कोणी पहार आणतो, कोणी क्रेनची साखळी बांधण्याची तजवीज करतो, तर कोणी सांडलेल्या इंधनाची तमा न बाळगता गॅसकटर पेटवितो. या मंडळींच्या भूतदयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव आहे ती क्रमाच्या ज्ञानाची. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारदरबारी नोंद आहे, आणि यांतील कित्येकांच्या बाबतीत अपघात व इस्पितळ यांच्यामधला काळ कसा गेला याची मात्र कोणत्याही पंचनाम्यात दखल घेतली जात नाही.

सुटकेचे शास्त्र जाणणारा माणूस आल्याबरोबर गाडीला हात लावीत नाही, हे पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते. मागून येणारी वाहने थोपविण्यासाठी तो आपले वाहन रस्त्यावर तिरपे उभे करतो, इंधन वा सीएनजी कोठे गळत आहे काय याची खातरजमा करतो, आणि मग गाडीखाली लाकडी ठोकळे व पाचरी ठोकून ती डळमळणार नाही असे करतो. कारण पुढे जो जो खांब कापला जाईल त्या त्या प्रमाणात गाडीचा सांगाडा दुबळा होणार असतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल आतल्या मोडलेल्या हाडापर्यंत पोहोचते. त्यानंतर किल्ली बंद, बॅटरीची आधी ऋण व मग धन तार वेगळी. एवढ्यानेही न उघडलेली एअरबॅग तत्काळ निर्धोक होत नाही, कारण तिच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. म्हणून दारालगतच्या पिशवीपासून पाच, स्टिअरिंगपासून दहा आणि शेजारच्या प्रवाशापुढील पिशवीपासून वीस इंच दूर राहावे असा या विद्येतील दंडक आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना तर कात्री लावायचीच नसते. बाजूची काच टोकदार पंचाने कोपऱ्यात टिचकावली की खड्यांसारखी गळून पडते, पुढची दुपदरी काच मात्र करवतीनेच कापावी लागते. आणि दोन्ही प्रसंगी आतल्या माणसाच्या अंगावर आधी चादर टाकावयाची असते, ही साधी गोष्ट घाईत हमखास विसरली जाते.

ज्या हत्याराने या कामात क्रांती घडविली ते अमेरिकेत मोटारींच्या शर्यतींच्या मैदानावर जन्मास आले. चुरडलेल्या शर्यतीच्या गाडीतून चालकाला बाहेर काढण्यास लागणारा प्रदीर्घ वेळ पाहून जॉर्ज हर्स्ट या गृहस्थाने १९६० च्या दशकाच्या आरंभी तेलाच्या दाबावर चालणारा एक प्रचंड जबडा तयार केला, आणि त्याच्याच वंशातील कटर, स्प्रेडर व रॅम ही तीन अवजारे आज जगभरचे बचावकर्ते वापरतात. आजच्या अनेक अवजारांतील दाब सुमारे ७०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ सातशेपट असतो. कटर खांब तोडतो, स्प्रेडर दाराची बिजागरी फाडतो, आणि रॅम डॅशबोर्डला पायांवरून पुढे रेटतो; गॅसकटरप्रमाणे यात ज्योत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. परंतु प्रवाशांच्या रक्षणार्थ नव्या मोटारींचे खांब बोरॉनयुक्त पोलादाचे होऊ लागल्यापासून जुने कटर त्यांच्यापुढे बोथट ठरू लागले आहेत, आणि कित्येक खांबांत एअरबॅगच्या वायूची नळकांडी दडविलेली असल्यामुळे आतील अस्तर सोलून पाहिल्यावाचून कापू नये असा नियम करावा लागला आहे. मोठ्या शहरांची अग्निशमन दले आणि द्रुतगती मार्ग यांच्या दिमतीला ही अवजारे आहेत. आडवळणाच्या राज्यमार्गावर मात्र क्रेनवाला आणि गॅसकटरवाला यांच्यावरच सारी भिस्त असते, आणि माझ्या मते टोलनाक्यांच्या झगमगाटावर होणाऱ्या खर्चाआधी तालुक्याच्या ठिकाणी एकेक संच तैनात होणे अधिक निकडीचे आहे.

माणसाला गाडीतून न काढता माणसाभोवतालची गाडी काढावी, असे सूत्र अनेक वर्षे शिकविले गेले. मणक्याला धक्का लागला तर मज्जारज्जू तुटेल या धास्तीने छप्पर कापून, फळी सरकवून, जखमीला तसूभरही न हलविता बाहेर घेण्यात पाऊण-पाऊण तास खर्ची पडे. या सूत्राची झाडाझडती ब्रिटनमधील वैद्यांनी अलीकडे घेतली. २०१२ ते २०१८ या काळातील मोटार अपघातांत गंभीर जखमी झालेल्या ६३,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा अडकलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण ८.९ टक्के, तर न अडकलेल्यांमधील ५ टक्के आढळले. आणि ज्या मज्जारज्जूच्या इजेच्या भयाने एवढा विलंब होई, ती अडकलेल्या शंभरांत एकालाही नव्हती. शिवाय निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या मोजमापांत असे दिसले, की सूचना ऐकून स्वतःहून उतरणाऱ्या माणसाची मान, बचावकर्त्यांनी उचलून बाहेर काढलेल्या माणसाच्या मानेपेक्षा कमी हलते. म्हणून जो शुद्धीवर आहे, ज्याला सांगितलेले समजते आणि जो निदान एका पायावर उभा राहू शकतो, त्याला आधी शांतपणे स्वतः बाहेर येण्यास सांगावे असे आता मानले जाते. छप्पर कापण्याचा खटाटोप ज्याला पत्र्याने खरोखरच धरून ठेवले आहे त्याच्यासाठी राखावा.

यावरून काखेत हात घालून ओढणाऱ्यांनी आपली पाठ थोपटून घेऊ नये. स्वतःहून उतरणे आणि ओढून काढले जाणे यांत महदंतर आहे. शिवाय ज्याचा पाय दीर्घकाळ दाबाखाली राहिला, त्याच्यावरील भार उठताच चेंगरलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व अन्य द्रव्ये एकदम रक्तात उतरून हृदय वा मूत्रपिंड बंद पाडू शकतात. लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी का दगावतात याचा शोध घेऊन एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. अशा प्रसंगी पत्रा उचलण्यापूर्वी शिरेतून द्रव देणारा वैद्य शेजारी असावा लागतो.

मग वाटसरूने काय करावे? १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करून जवळचा किलोमीटरचा दगड, मार्गाची दिशा आणि आत किती इसम अडकले आहेत हे सांगावे. ज्या जखमेतून रक्त वाहते आहे ती स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी. जखमीशी बोलत राहावे, पाणी पाजू नये, आणि आग वा तशीच तातडी नसेल तर ओढाताण करू नये. खोपोली-लोणावळा परिसरातील स्वयंसेवक वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत. पोलिसांच्या तगाद्याची, जबान्यांची आणि कोर्टकचेऱ्यांची जी भीती लोकांना गाडी न थांबविता पुढे नेण्यास भाग पाडीत असे, तिला आता आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दाखल झालेल्या कलम १३४-अ प्रमाणे, सद्‌हेतूने मदत करताना हातून काही चूक होऊन जखमीस इजा पोहोचली वा तो दगावला, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव व पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर कोणास करता येत नाही.