डबल सीटचा हिशेब

मोटरसायकलच्या चेनकव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर एक छोटा स्टिकर असतो. पुढच्या चाकात २५, मागच्या चाकात एकट्याला २८ आणि डबल सीटला ३२ पीएसआय, अशा धर्तीचे आकडे त्यावर छापलेले असतात. ते सगळे पाळतात असं नाही, पण त्यामागचं कारण सगळ्यांना कळतं. मागे माणूस बसला की मागच्या चाकावर भार वाढतो, म्हणून हवा थोडी वाढवायची. हाच प्रश्न सोडवण्यासाठी त्याच चाकाच्या वर, शॉकअपच्या स्प्रिंगखाली, पाच-सहा खाचांची एक रिंग दिलेली असते. तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. शोरूममधून गाडी ज्या खाचेवर बाहेर पडली, त्याच खाचेवर ती भंगारात जाते. मधल्या काळात चिखल आणि गंज मिळून रिंग अशी पकडतात की पाना लावला तर खाचेची कड झिजते, रिंग हलत नाही. हवेवर चालणाऱ्या शॉकअपची गोष्ट समजून घ्यायची तर या न हलणाऱ्या रिंगपासून सुरुवात करावी लागते. बाजारात हे शॉकअप ‘मऊ चालणारे’ म्हणून विकले जातात, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात. त्यांचा खरा धंदा बदलत्या ओझ्याशी आहे. ओझं बदलत नसेल, किंवा बदलूनही मालक पंप हातात घेणार नसेल, तर ते घेण्यात फारसा अर्थ नाही.

ओझ्याचा हिशेब आधी करू. हजार-बाराशे किलोच्या मोटारीत एक माणूस वाढला तर वजन सहा-सात टक्क्यांनी वाढतं. दीडशे किलोच्या मोटरसायकलचं तसं नाही. गाडीचं निम्मं वजन मागच्या चाकावर धरलं तर पंचाहत्तर किलो. सत्तर किलोच्या चालकातले पंचेचाळीसेक किलो मागे पडतात. झाले एकशे वीस. आता पासष्ट किलोचा माणूस मागे बसला की तो जवळजवळ आसाच्या डोक्यावरच बसतो, त्यामुळे त्याचं बहुतेक सगळं वजन मागेच जातं. सोबत एखादी बॅग असेल तर आकडा एकशे नव्वदला टेकतो. म्हणजे एक माणूस चढला किंवा उतरला की स्प्रिंगपुढचं काम दीडपट होतं किंवा परत उतरतं, तेही दिवसातून चार वेळा. जी स्प्रिंग एकट्याला बरोबर, ती दोघांना मऊ पडणार. जी दोघांना बरोबर, ती एकट्याला दगडासारखी लागणार. कारखाना मधला कुठला तरी आकडा धरतो आणि उरलेलं त्या रिंगवर सोडतो.

बसक्या शॉकअपची किंमत फक्त कंबर मोजते असंही नाही. मागची बाजू खाली गेली की पुढचा दिवा वर बघू लागतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पुढच्या फोर्कचा कोन आडवा होतो, वळणावर गाडी आत यायला तयार नसते, बाहेर पसरते. स्विंगआर्म वर-खाली झाला की चेनचा ताणही बदलतो. आणि शॉकअपच्या चालीतली निम्मीअधिक चाल बसल्याबसल्याच संपलेली असते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० ला मागे ८० मिलिमीटर चाल होती. त्यातली पन्नास दोघं बसल्यावरच गेली, तर खड्ड्यासाठी तीस उरली. आपल्याकडचा न रंगवलेला गतिरोधक तेवढ्यात भागत नाही, मग बंप स्टॉपरवर धाडकन आदळतं आणि मागचा माणूस चालकाच्या पाठीत बुक्की घालतो.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे ‘गॅसवाले शॉकअप’ हा शब्द पल्सरच्या ‘नायट्रॉक्स’नंतर घराघरांत गेला, आणि बाजूला लटकणारी छोटी डबी म्हणजे हवेचा शॉकअप अशी समजूत रुजली. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शॉकअपच्या आत तेल असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यामुळे स्प्रिंगचं उसळणं मरतं. खराब रस्त्यावर हे तेल घुसळून त्यात बुडबुडे होतात, फेस होतो, आणि फेसाला रोध नसतो. फ्रेंच इंजिनिअर द कार्बों यांनी १९५० च्या दशकात यावर तोडगा काढला, तो तेलाला दाबाखालच्या नायट्रोजनचा टेकू देण्याचा. तिथला वायू तेलाचा पहारेकरी असतो. गाडीचं ओझं पेलते ती बाहेरची पोलादी स्प्रिंगच. हवेच्या शॉकअपमध्ये मात्र हवा स्वतः स्प्रिंगचं काम करते, पूर्ण नाहीतर वाटणीने. पहिल्या प्रकारात मालकाने काही भरायचं नसतं, दुसऱ्यात भरण्यासाठीच व्हॉल्व्ह दिलेला असतो. ‘गॅस भरून द्या’ म्हणत गॅरेजमध्ये जाणाऱ्याला या फरकाची कल्पना नसेल, तर दोष त्याचा कमी आणि जाहिरातीचा जास्त आहे.

हवेवर दुचाकी तोलायची कल्पना जुनीच. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या ‘एअर स्प्रिंग्ज लिमिटेड’ने एएसएल नावाच्या मोटरसायकली काढल्या होत्या, पुढे-मागे हवेच्या स्प्रिंगा असलेल्या. त्यामागे प्राध्यापक आर्चिबाल्ड शार्प होते, सायकलच्या यांत्रिकीवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे. १९३९ च्या वेलोसेट केटीटी मार्क आठ या रेसच्या गाडीला मागे डाउटी कंपनीचे हवा-तेलाचे शॉकअप होते. डाउटीचा मूळ व्यवसाय विमानांच्या उतरण्याच्या चाकांचा, आणि काही टन वजन धावपट्टीवर अलगद टेकवण्याचं काम तिथे हवा आणि तेल आधीपासून करत होती. अमेरिकेत बॉब फॉक्स यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मोटोक्रॉससाठी हवेचे शॉकअप काढले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा पुरावा होंडा गोल्डविंगचा आहे.

१९७५ ची गोल्डविंग एक हजार सीसीची, चार सिलिंडरची, आणि उघडी होती. ना काच, ना पेट्या. अमेरिकन मालकांनी तिच्यावर क्रेग व्हेटर यांचं विंडजॅमर फेअरिंग चढवलं, बाजूला पेट्या लावल्या, मागे बायकोला बसवलं आणि तंबू बांधून हजार मैलांच्या वाटेला लागले. कंपनीने काय विकलं आणि लोकांनी त्याचं काय केलं, यातलं अंतर सगळं मागच्या शॉकअपवर येऊन पडलं. १९८० च्या जीएल ११०० या गोल्डविंगवर होंडाने पुढे-मागे हवेचं सस्पेन्शन कारखान्यातूनच दिलं. पुढे १९८२ च्या गोल्डविंग एस्पेनकेडवर हवा भरायला गाडीतच छोटा कंप्रेसर आला, बटण दाबायचं आणि मागची बाजू वर येताना बघायची. हार्ली-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवरही अनेक वर्षं हवेचे शॉकअप होते. दोन्ही बाजूंचे शॉकअप एका बारीक नळीने जोडलेले आणि भरायचा व्हॉल्व्ह डाव्या पेटीच्या मागे दडवलेला. ती नळी शोभेची नाही. डाव्या-उजव्यात दाब वेगवेगळा राहिला तर स्विंगआर्मला पीळ पडतो, म्हणून दोघांची हवा एकच ठेवायची.

रिंग फिरवण्यात आणि हवा भरण्यात फरक काय, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. गाडी वर येते, पण स्प्रिंग कडक होत नाही. पूर्वी दहा किलोला जेवढी दबत होती तेवढीच आताही दबेल. अनेक वर्षं गाड्या दुरुस्त करणारेही ‘दोन खाचा कडक करून देतो’ म्हणतात, ते भाषेपुरतं खरं. हवा दोन्ही कामं करते. समजा ती ज्या पृष्ठभागावर दाबते त्याचा व्यास ४० मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोला थोडं कमी. एका शॉकअपमागे एकतीस किलो, दोन्ही मिळून बासष्ट. शॉकअप तिरके आणि आसाच्या किंचित पुढे असल्याने चाकापाशी यातून काही वजा होईल, पण मागच्या माणसाचं बरंचसं वजन एका सायकलपंपाएवढ्या हातपंपाने उचललं गेलं. वर, खड्ड्यात शॉकअप दबून हवेची जागा निम्मी झाली की वातावरणाचा दाब धरून मोजलेला दाब दुप्पट होतो. म्हणजे मापकावरचे ३५ तिथे ८५ च्या आसपास गेलेले असतात. सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक, हा गुण पोलादाच्या सरळ स्प्रिंगमध्ये नाही. शिवनेरीच्या व्होल्वो बस भरल्या काय, रिकाम्या काय, सारख्याच उंचीवर सारख्याच डुलत जातात, त्याचं कारणही हवाच. तिथे रबरी फुगे ओझं पेलतात आणि ओझ्याप्रमाणे त्यांतला दाब यंत्रच बदलतं.

यावर पहिला आक्षेप असा की हवा इतकी गुणी होती तर होंडाने आणि हार्लीने ती सोडली का? सोडली, हे खरं. २००१ च्या जीएल १८०० वर होंडाने एकच शॉकअप आणि त्याची स्प्रिंग विजेच्या मोटरने दाबण्याची सोय दिली, स्मरणात दोन जागा ठेवून. हार्लीने २०१७ च्या टूरिंग गाड्यांवर हाताने फिरवायची घुंडी दिली. पण दोघांनी काय ठेवलं, तेही बघायला हवं. हवा गेली, ओझ्याप्रमाणे बदलण्याची सोय राहिली, उलट आणखी सोपी झाली. हवेची खोड अशी की ती थोडीथोडी निसटत राहते, आणि महिनोन्‌महिने मापक न लावणाऱ्या मालकाला गाडी बसल्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे कंपन्यांचा हा निकाल हवेविरुद्ध जेवढा आहे, तेवढाच आपल्या गंजलेल्या रिंगेच्या मालकाविरुद्धही आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हवेने स्प्रिंग कडक होते, पण तिचं उसळणं आवरणारा तेलाचा रोध तेवढाच राहतो. दाब वाढवला की खड्ड्यानंतर मागची बाजू दोन-तीनदा झुलते, ‘घोडा होतो’ म्हणतात तसं. हे नाकारण्यात अर्थ नाही, स्वस्त शॉकअपवर हेच होतं. त्यामुळे फक्त व्हॉल्व्ह बघून वस्तू घेऊ नये, परत येण्याची गती बदलणारी घुंडी आहे का हे विचारावं. नसेल तर कंपनीच्या मूळ शॉकअपवर चांगली स्प्रिंग चढवणं बरं. शिवाय हवा धरून ठेवणारं सील घट्टच असावं लागतं आणि घट्ट सील घासतं, म्हणून बारीक खडबडीत रस्त्यावर हवेचा शॉकअप पोलादी स्प्रिंगपेक्षा किंचित अडखळत चालतो. जो नुसत्या मऊपणासाठी पैसे मोजतो त्याची इथे निराशा होणार, आणि ती रास्त आहे.

तापमानाचा आक्षेप मात्र फुगवून सांगितला जातो. वीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली तर मापकावरचे ३५ साधारण ४२ होतात. मोटोक्रॉसच्या रेसमध्ये याने फरक पडतो, कारण तिथे शॉकअप हात लावू देत नाहीत इतके तापतात. नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या जोडप्याला पडत नाही. मुंबईहून लेहला जाणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं की साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवाच विरळ असते. तापमान तेच राहिलं तरी मापक तिथे पाचेक पीएसआय जास्त दाखवेल. थंडी त्यातलं काही परत घेते.

बसवण्यात दोन ठिकाणी घोडचूक होते. एक लांबीत. मूळ शॉकअपपेक्षा वीस-पंचवीस मिलिमीटर लांब घेतला की मागची बाजू उचलली जाते, गाडी ‘दिसायला भारी’ होते, आणि हँडल चपळ होत होत वेगात अस्थिर होतं, साइड स्टँडवर गाडी आडवी पडायला बघते. दुसरी पेट्रोल पंपावर. शॉकअपमधली हवेची जागा चहाच्या कपाहूनही लहान असते. चाकासाठीचा कंप्रेसर तिथे लावला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दाब मर्यादेपलीकडे जातो आणि सील जातं. साधा मापक लावून काढताना जी फुस्स होते, तेवढ्यातही काही पीएसआय निघून जातात, मग माणूस म्हणतो शॉकअप लीक आहे. यासाठी कमी हवेचा, न गळणाऱ्या तोंडाचा हातपंप लागतो. माउंटन सायकलवाल्यांकडे असतो तसलाच. आणि शॉकअप निवडताना आत पोलादी स्प्रिंग असलेला, हवेची फक्त मदत घेणारा निवडावा. सील वाटेत गेलं तरी स्प्रिंग घरापर्यंत आणते. नुसत्या हवेवरचा बसला की टायर मडगार्डला लागतो.

मापणं सोपं आहे, फक्त तीन माणसं लागतात. गाडी रिकामी, मागचं चाक उचललेलं, तेव्हा आसापासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेपने अंतर घ्यायचं. मग दोघांनी बसायचं आणि तिसऱ्याने पुन्हा मोजायचं. चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास फरक आला की तो दाब डबल सीटचा. एकट्याचा वेगळा काढायचा. दोन्ही आकडे खडूने नाही, पक्क्या शाईने टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत लिहायचे, कारण दिवाळीनंतर ते कुणालाच आठवत नाहीत.

महाराष्ट्रात ज्याचं ओझं रोज सगळ्यात जास्त बदलतं तो दूधवाला. पहाटे चार-पाचला दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, शंभर किलोच्या घरात, आणि नऊच्या सुमाराला त्याच किटल्या रिकाम्या खडखडत परत. या गणितावर त्याने काढलेला उपाय म्हणजे जाड तारेची कडक स्प्रिंग, नाहीतर गावातल्या वेल्डरकडून जोडून घेतलेला जादा शॉकअप. जाताना तो बरोबर असतो. येताना मागचं चाक प्रत्येक खड्ड्यावर रस्ता सोडून उडतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला घरी लवकर पोचायचं असतं. हवेच्या शॉकअपची जाहिरात मात्र लेदर जॅकेट घालून लडाखला निघालेल्या माणसाचा फोटो लावते.